13-14 वर्षांच्या मुलांच्या दाढा: दुखत नाही तरी कीड निघाली, काय करायचं?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. मुलगी 13 पूर्ण. शाळेतल्या तपासणीत दातांच्या डॉक्टरांना दाखवा असं लिहून आलं म्हणून घेऊन गेले, तर खालच्या अगदी मागच्या दाढेच्या खाचेत कीड सुरू झालीये म्हणे, आणि वरच्या पुढच्या दोन दातांवर हिरडीला लागून पांढरट, चमक गेलेले डाग आहेत. मी चक्रावलेच, कारण ही दाढ येऊन दीडेक वर्ष झालं असेल, आली कधी तेसुद्धा आम्हाला कळलं नव्हतं आणि दुधाच्या दातांना तर एकदाही कीड लागली नव्हती तिच्या. दुखत काही नाही, गार-गरम काही लागत नाही.

डॉक्टर म्हणाले किडलेल्या दाढेत छोटं फिलिंग करू, बाकीच्या दाढांना सीलंट लावू आणि सगळ्या दातांना फ्लोराइड वार्निश, म्हणजे दात बळकट करणाऱ्या फ्लोराइडचा पातळ लेप. पांढऱ्या डागांना मात्र सध्या काही करायचं नाही, ते आपोआप सुधारू शकतात असं म्हणाले, ते मला नीट समजलं नाही, कीड कधी मागे जाते का? घरात मोठ्या माणसांचं म्हणणं की दुखत नाही तर चांगल्या दाढेला कशाला मशीन लावताय. आणि सीलंट हा प्रकार मी पहिल्यांदाच ऐकला.

ब्रश ती करते, सकाळी. रात्रीचं विचारलं की "हो केला" असं उत्तर येतं आणि दार बंद. लहान होती तेव्हा मी समोर उभं राहून करून घ्यायचे, आता या वयात तिच्या तोंडात डोकावून बघायला गेले तर भांडणच होणार. ज्यांची मुलं या वयातून गेलीत किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी प्लीज सांगा.

नीरक्षीर
पाऊलवाट ताई, मी लहान आणि वाढत्या मुलांचे दात बघते, तेच माझं काम आहे. तुमच्या लेकीची दाढ न बघता तिच्याबद्दल काही ठरवणार नाही, पण तुमचे प्रश्न मला जवळजवळ रोज विचारले जातात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दाढ कधी आली ते कळलं नाही यात तुमची काही चूक नाहीये. ही जी दुसरी कायमची दाढ असते ती 11 ते 13 च्या दरम्यान सगळ्यात मागे येते, तिच्या जागी आधी दुधाची दाढ नसते त्यामुळे काही पडत नाही, हलत नाही, गाजावाजा काहीच नाही. वर यायलाही तिला बरेच महिने लागतात. तेवढ्या काळात ती पुढच्या दाढेपेक्षा खाली असते, कधी हिरडीचा तुकडा अर्ध्या दाढेवर आलेला असतो, आणि ब्रश पुढच्या दाढेवरून सरळ फिरतो तो हिला टेकतच नाही. वरून नव्या दाढेचं इनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं, लाळेतलं कॅल्शियम, फॉस्फेट आणि फ्लोराइड शोषून ते पुढची दोनेक वर्षं घट्ट होत जातं. म्हणजे दाढ सगळ्यात कच्ची असते नेमकी तेव्हाच आईबाबा बाथरूममधून बाहेर पडलेले असतात, मुलं स्वतः बाहेर खायला-प्यायला लागलेली असतात आणि झोपायला उशीर व्हायला लागलेला असतो. दुधाचे दात स्वच्छ होते म्हणून आता काळजी नाही असं बऱ्याच घरांत धरून चालतात आणि मला या गोष्टीचं खरंच वाईट वाटतं, कारण ही दाढ आयुष्यभर चावायची आहे.

त्या दाढेसाठी ब्रश करायची पद्धत थोडी वेगळी लागते. तोंड मोठं उघडलं की गाल ताणला जातो आणि मागे जागाच राहत नाही, म्हणून तोंड अर्धवटच उघडायचं, छोट्या डोक्याचा मऊ ब्रश ओठाच्या कोपऱ्यातून आडवा आत न्यायचा आणि फक्त त्या शेवटच्या दाढेवर पुढे-मागे फिरवायचा. चारही कोपऱ्यांत. आरशात एकदा दाखवलं की मुलांना लगेच जमतं.

आता कीड मागे जाते का, तर हो, एका टप्प्यापर्यंत जाते. दातांवर जो चिकट थर बसतो त्यातले जंतू आपण खाल्लेल्या साखरेपासून आम्ल बनवतात. तोंडाचा पीएच (आम्लता मोजायचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजं विरघळायला लागतात, मग लाळ ते आम्ल हळूहळू निष्प्रभ करते, त्याला अर्धा तास, कधी जास्तही लागतो, आणि गेलेली खनिजं थोडीथोडी परत बसतात. हे दिवसभर चालूच असतं. जाणं जास्त आणि येणं कमी झालं की आधी आतला भाग पोकळ होऊ लागतो आणि वरून पांढरट डाग दिसतो. पण तोपर्यंत पृष्ठभाग अजून तुटलेला नसतो, त्यामुळे फ्लोराइड दिलं आणि साखरेचे मारे कमी केले तर तो डाग थांबतो, कडक होतो. दिसायला पूर्ण जाईलच असं नाही पण कीड म्हणून तो धोकादायक राहत नाही. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी तिथे हात लावला नाही, मला ते पटलं. एकदा का खड्डा पडला की तो मात्र परत भरून येत नाही, इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात बाहेर यायच्या आधीच संपलेल्या असतात.

घरच्यांना सांगा की इनॅमलमध्ये नस नसतेच, ते दुखणार कसं. कीड डेंटिनमध्ये, म्हणजे इनॅमलच्या आतल्या थरात शिरली, नसेच्या जवळ पोचली की दुखायला लागतं आणि मग छोट्या फिलिंगवर भागत नाही. आणि या वयाची अजून एक अडचण, दाढ तोंडात दिसायला लागल्यावर तिची मुळं पूर्ण व्हायला आणखी तीनेक वर्षं जातात. 13 व्या वर्षी मुळांची टोकं उघडीच असतात, अशा दाढेची नस खराब झाली तर नेहमीचं सरळ रूट कॅनल करता येत नाही, उपचार लांबतो आणि दाढही नाजूक राहते. त्यामुळे दुखायची वाट बघणं या वयात सगळ्यात महागात पडतं.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांना जरूर विचारा, खाचेतला पृष्ठभाग तुटलाय की नुसता रंग बदललाय? तुटला नसेल तर मशीन न लावता वरून सीलंट लावून कीड तिथेच थांबवता येते, खालच्या जंतूंना साखर मिळणं बंद होतं. तुटला असेल तर फिलिंगच.

सीलंटबद्दल: दाढेच्या वरच्या खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केससुद्धा आत जात नाही. छताच्या बारीक भेगा पावसाळ्याआधी बुजवतो ना, तसंच आहे हे. दाढ साफ करतात, एक जेल लावून धुतात, कोरडी करतात, पातळ द्रव खाचांत सोडून निळ्या लाइटने कडक करतात. इंजेक्शन नाही, मशीन नाही, दुखत नाही, एका दाढेला काही मिनिटं लागतात. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा आकडा आहे की सीलंटमुळे मागच्या दाढांमधली 80 टक्के कीड दोन वर्षांपर्यंत टळते, चार वर्षांपर्यंतही निम्मी टळते. फक्त लावताना दाढ पूर्ण कोरडी असायला हवी, आणि दर तपासणीला तो जागेवर आहे का बघायचं, तुकडा निघाला तर परत लावायचा. सीलंट लावला म्हणून ब्रश सुटत नाही, तो फक्त खाचा झाकतो, दोन दातांच्या मधली जागा उघडीच राहते.

दोघांचा_बाबा
वरचा प्रतिसाद सेव्ह करून ठेवलाय. मी फक्त घरात काय चाललं ते सांगतो, मोठा 15 चा आहे, दातांना तारा लावल्यात, धाकटी 12.

आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक पडला तो रात्रीच्या ब्रशची वेळ बदलल्याने. झोपायच्या वेळी ब्रश म्हटलं की ते होतच नाही, मुलगा मोबाइल घेऊन पडलेला असतो, डोळे मिटत आलेले असतात, त्या वेळी उठ म्हटलं की चिडचिड. म्हणून आता जेवण झालं, ताटं उचलली, थोड्या वेळाने आम्ही चौघंही ब्रश करतो आणि त्यानंतर फक्त पाणी. मुलांना कर म्हणून सांगायचं नाही, आपणच उठायचं. ऐकायला साधं वाटतं पण भांडणं खरंच बंद झाली.

दुसरं म्हणजे प्लाक (दातांवरचा तो चिकट थर) दाखवणाऱ्या रंगाच्या गोळ्या मिळतात, ब्रश झाल्यावर चघळायची आणि चूळ भरायची, जिथे थर राहिलाय तिथे गुलाबी-जांभळा रंग दिसतो. मुलगा "मी नीट करतो" म्हणून अडून बसलेला, त्याने स्वतः आरशात बघितलं तारांच्या भोवती सगळं रंगलेलं, मला एक शब्द बोलावा लागला नाही. सुट्टीच्या आदल्या रात्री द्या फक्त, जिभेला आणि ओठांना रंग काही तास राहतो आणि या वयात मित्रांसमोर तसं जायचं म्हणजे संकट.

तारा असलेल्यांनी तर फारच सांभाळावं लागतं, आमच्या तारा लावणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की ब्रॅकेटच्या (तार धरायला दातावर चिकटवलेल्या तुकड्याच्या) कडेने पांढरे डाग महिन्याभरातसुद्धा येऊ शकतात आणि तारा काढल्यावर तेच दिसत राहतात. त्यासाठी बाटली धुवायच्या ब्रशच्या आकाराचा पण एकदम इवलासा इंटरडेंटल ब्रश असतो, तो तारेखालून घालायचा.

आणि पेयं. याच्यावर मी खरंच मनापासून बोलतो कारण मुलांना ते खाणं वाटतच नाही. 330 मिलीच्या एका कोलाच्या कॅनमध्ये साधारण 35 ग्रॅम साखर असते आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर 5 टक्क्यांच्या, म्हणजे मोठ्या माणसाला 25 ग्रॅमच्या आसपास. एका कॅनमध्ये कोटा पार. त्यातही मुलं एका दमात पीत नाहीत, गेम खेळताना, अभ्यास करताना दोन-दोन तास एकेक घोट. एनर्जी ड्रिंक, पॅकेटमधला ज्यूस, गोड कॉफी, सगळ्याचं तेच.

नीरक्षीर
दोघांचा_बाबा, घोटाघोटाचं लिहिलंत ते फार बरं झालं. किती खाल्लं यापेक्षाही किती वेळा खाल्लं हे दातांना जास्त महागात पडतं, प्रत्येक घोटानंतर तो अर्ध्या तासाचा हिशोब नव्याने सुरू होतो, दोन तास बाटली चालली तर लाळेला सावरायला वेळच मिळत नाही. हे कळलं त्यामागचा इतिहास वाईट आहे. स्वीडनमधल्या विपेहोल्म नावाच्या संस्थेत 1940 च्या दशकात बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफी देऊन दात किडतात का बघितलं गेलं, त्यांची संमती न घेता. जेवणासोबत साखर घेतलेल्यांमध्ये कीड थोडीच वाढली, दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी खाणाऱ्यांमध्ये भरपूर. त्या माणसांच्या दातांची किंमत देऊन मिळालेली माहिती आहे, निदान आपण ती वाया घालवू नये असं मला वाटतं.

म्हणून मी मुलांना गोड बंद कर असं सांगतच नाही, ते शक्यही नाही. गोड जेवणाबरोबर खा, मधल्या वेळेत नको, आणि प्यायचंच असेल तर एकदाच पिऊन संपव, वर पाणी पी, एवढंच सांगते. शुगर-फ्री म्हणून लिहिलेल्या सोड्यात साखर नसते पण आम्ल असतंच, त्याने कीड नाही तरी इनॅमल झिजतं. आणि आंबट काही प्यायल्यावर लगेच ब्रश करायचा नाही, तासभर थांबायचं, तोवर साध्या पाण्याने चूळ.

टकटक
काकू मी 17 ची आहे, मुलांच्या बाजूने बोलू का. मलाही याच वयात कीड निघाली होती, आणि घरी सगळे एकच बोलत होते की दात जातील, कवळी लावावी लागेल वगैरे. खरं सांगते त्याने काही होत नाही, म्हातारपणीचं कोण आत्ता विचार करतं, उलट आपल्याला घाण समजतायत असं वाटून मी लपवायला लागले, हसताना तोंडावर हात.

माझ्या बाबतीत काम झालं ते डॉक्टरांनी आईशी न बोलता माझ्याशी बोलल्यामुळे. छोट्या कॅमेऱ्याने माझीच दाढ स्क्रीनवर दाखवली, हा डाग, हा अजून थांबवता येतो, हा नाही, आता तू ठरव. आई बाहेर बसली होती. तेव्हा मी त्यांना हेही विचारू शकले की तोंडाला वास येतो का, जे मी आईसमोर कधीच विचारलं नसतं. तर पुढच्या वेळी तिला दहा मिनिटं एकटीला आत जाऊ द्या ना. आणि "केला का ब्रश" असं रोज दारातून विचारू नका प्लीज, उत्तर हो हेच येणार.

वाटसरू77
सगळं ठीक आहे पण मला एक कळत नाही, सगळेजण फ्लोराइड फ्लोराइड करताय, फ्लोराइडने दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, हाडं वाकडी होतात हे सगळ्यांना माहितीये, मग मुद्दाम वार्निश कशाला लावायचं? मी तर मुलांना कोळशाची पेस्ट आणलीये, दात पांढरे होतात आणि केमिकल नाही.

नीरक्षीर
वाटसरू, शंका अगदी रास्त आहे. जिथे जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड फार जास्त असतं तिथे हे त्रास होतात, खरं आहे. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 1.5 मिलिग्रॅम आहे आणि पाण्यात त्याहून जास्त निघालं तर ते पाणीच बदलायला हवं. पण दातांवर डाग पडतात ते दात हाडात तयार होत असताना जास्त फ्लोराइड पोटात गेल्यामुळे. समोर दिसणाऱ्या दातांसाठी तो काळ साधारण आठव्या वर्षापर्यंत संपतो. 13 वर्षांच्या मुलाचे अक्कलदाढा सोडून सगळ्या दातांचे वरचे भाग बनून झालेले असतात, आता पेस्टने तसे डाग पडणार नाहीत. पेस्ट गिळायची नाहीच, दातांवर ठेवायची आहे, तिथे ती विरघळणं कमी करते आणि खनिज परत बसवते. वार्निशमध्ये फ्लोराइडचं प्रमाण खूप असतं पण ते अगदी थोडं लावतात आणि ते दाताला चिकटून राहतं.

पेस्ट घेताना मागे बघा, फ्लोराइड 1000 ते 1500 पीपीएम (दहा लाख भागांत तितके भाग) लिहिलेलं हवं, या वयाला 1350 च्या पुढचं जास्त चांगलं. कोळशाच्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच, आणि त्या खरखरीत असतात, आज पांढरं दिसतं ते इनॅमल घासून. ज्या वयात दाढ पक्की होतेय त्या वयात ती घासू नका, कळकळीने सांगते.

आणि एक सवय जी बदलायला पैसेही लागत नाहीत. ब्रश झाल्यावर फेस थुंकायचा, पण पाण्याने खळखळून चूळ भरायची नाही. चूळ भरली की फ्लोराइड वाहून जातं. विशेषतः रात्री, कारण झोपेत लाळ खूप कमी होते, तोंडाला स्वतःचा बचाव करता येत नाही, त्या वेळी पेस्टचा पातळ थर दातांवर राहिला तर तो रात्रभर कामाला येतो. सकाळचा ब्रश एखाद्या दिवशी घाईत झाला तर चालेल, रात्रीचा सोडू नका.

पाऊलवाट
किती छान समजावलंत सगळ्यांनी. टकटक, तुझं वाचून डोळ्यात पाणी आलं गं, तिला एकटीला आत पाठवते नक्की. घरी मोठ्यांनाही वाचून दाखवलं, मुळं पूर्ण झालेली नसतात हे कुणालाच माहीत नव्हतं, आता विरोध नाहीये. डॉक्टर ताई, अजून दोनच गोष्टी. एक्स-रे काढायचा म्हणतायत, तो खरंच लागतो का एवढ्या लहान वयात? आणि तिला दम्याचा पंप आहे, त्याचा दातांशी काही संबंध असतो का? अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे, सीलंट आणि वार्निश एकाच दिवशी करणार आहेत.

नीरक्षीर
दोन दाढा जिथे एकमेकींना चिकटतात तिथली कीड आरशातून दिसत नाही, वरून दाढ ठणठणीत दिसते आणि मधून पोखरलेली असते. ती बघायला छोटी फिल्म चावून काढतात तो बाइटविंग एक्स-रे लागतो, त्यात किरणांचं प्रमाण फार कमी असतं. एक कीड सापडलीच आहे तर मला तो योग्य वाटतो. दर खेपेला मात्र काढायची गरज नाही, धोका किती आहे त्यावर ठरतं. तिथे ब्रशही पोचत नाही, म्हणून रात्री दाढांच्या मधून एकदा फ्लॉस (दातांच्या फटीत घालायचा बारीक धागा) फिरवायला शिकवा, रोज नाही जमलं तर जमेल तितक्या वेळा. तपासणी सध्या दर तीन ते सहा महिन्यांनी, नवीन काही निघालं नाही तर पुढे वर्षाने चालेल.

पंपाचं विचारलंत ते फार चांगलं केलंत, डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. काही पंपांनी तोंड कोरडं पडतं आणि औषधाचा अंश दातांवर राहतो. पंप बंद करायचा नाही, कमी करायचा नाही, फक्त प्रत्येक वेळी घेतल्यावर पाण्याने चूळ भरून थुंकायची. म्हणजे पेस्टनंतर चूळ नाही आणि पंपानंतर चूळ हवीच, हे तिला वेगवेगळं सांगा, नाहीतर गोंधळ होईल. रात्रीचा पंप असेल तर आधी पंप, चूळ, मग ब्रश.

एकाच दिवशी दोन्ही होत असेल तर आधी सीलंट आणि मग वार्निश, कारण वार्निश लागलेल्या दाढेवर सीलंट नीट धरत नाही, तुमच्या डॉक्टरांना हे माहीत असणारच. जाताना तिचं पोट भरलेलं असू दे. वार्निशनंतर दात दिवसभर थोडे पिवळसर आणि चिकट लागतील, ती घाबरेल म्हणून आधीच सांगून ठेवा, काही तास कडक आणि गरम काही खायचं नाही, आणि त्या एका रात्री ब्रश करायचा नाही, सकाळी केला की सगळं निघून जातं.